साखरेचा रेक आणि रुळाकाठचा चार्जर: रायबाग पट्ट्यातल्या एका सायडिंगचे प्रकरण

प्रस्तावातला आकडा होता दोन मेगावॉटचा. रायबाग तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या खासगी सायडिंगवर, म्हणजे मुख्य मार्गातून कारखान्यात गेलेल्या फाट्याच्या रुळावर, डबे पुढेमागे सरकवणाऱ्या डिझेल शंटिंग इंजिनाच्या जागी बॅटरी आणि छोटा डिझेल जनरेटर असलेले हायब्रिड इंजिन आणायचे, आणि रुळाच्या काठावर जलद चार्जर बसवून ते पंधरा-वीस मिनिटांत भरून घ्यायचे, अशी ती योजना होती. विजेच्या जोडणीच्या अंगाने ती तपासायला माझ्याकडे आली. कारखान्याला उत्तर हवे होते हो किंवा नाही. हायब्रिड इंजिनाला मी हो म्हटले, दोन मेगावॉटच्या चार्जरला नाही. बेळगाव जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने आहेत. त्यातल्या ज्यांच्या दारापर्यंत रूळ आला आहे त्यांच्यापुढे आज ना उद्या हाच प्रश्न येणार, म्हणून हे प्रकरण हिशेबासकट लिहून ठेवतो.

सुरुवातीला एका शंकेचे निरसन करतो, कारण बैठकीत ती सगळ्यात आधी निघाली. मिरज-लोंढा मार्गावर विजेची तार आली आहे. सप्टेंबर 2024 पासून पुणे-हुबळी वंदे भारत ह्याच रुळांवरून कुडची, रायबाग, घटप्रभा मागे टाकत बेळगावला जाते. मग शंभर-दोनशे मीटरवर 25 हजार व्होल्टची तार असताना बॅटरी कशाला? तर ती तार सायडिंगच्या फाटकाशी संपते. आतल्या रुळावर चुनखडी नाहीतर कोळसा उतरवायला जेसीबी फिरतो, डब्यांच्या टपावर माणसे चढतात, आणि हंगामात रूळ ओलांडून उसाच्या जोडट्रॉल्या जातात. ट्रॉली किती उंच रचलेली असते हे चिकोडी-रायबागच्या रस्त्यावर संध्याकाळी गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. तारेखालून रस्ता जातो तिथे हाईट गेज, म्हणजे वाहनांची उंची अडवणारी कमान, लागते आणि उसाची निम्मी वाहने त्यात अडकतील. त्यामुळे आत तार नको, हा कारखान्याचा निर्णय मला बरोबर वाटतो. विजेवरचे इंजिन रेक, म्हणजे मालगाडीच्या डब्यांची अख्खी रांग, फाटकापर्यंत आणून सोडते, पुढचे सगळे काम शंटिंगच्या डिझेल इंजिनाचे.

आता एका रेकचा दिवस पाहू. सगळे उत्तर त्यातच आहे.

बंद डब्यांचा, बेचाळीस वाघिणींचा रिकामा रेक फाटकाशी येतो. भरणीचा रूळ पुरेसा लांब नसल्याने तो दोन तुकड्यांत आत घ्यावा लागतो. शंटर खाली उतरून कपलिंग सोडतो, होज पाइप सुटतो तेव्हा हवेचा मोठा फुस्कारा येतो, पॉइंट्समन हिरवा बावटा हलवतो आणि पहिला तुकडा गोदामाच्या धक्क्याला लागतो. तिथून पुढे हमालांचे राज्य. पन्नास किलोची गोणी, पाठीवर, फळीवरून डब्यात. एका रेकमध्ये साधारण 2,600 टन साखर जाते, म्हणजे बावन्न हजार गोण्या. रेल्वे भरणीला साधारण नऊ तासांची मोफत मुदत देते, त्यानंतर प्रत्येक वाघिणीमागे तासाला डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, चढते. त्यामुळे धक्क्यावर सगळी घाई माणसांची असते. इंजिन मात्र उभे असते. तासातून एकदा दोन-चार डबे पुढे सरकवायचे, अर्ध्या भरणीनंतर तुकडे बदलायचे, आणि शेवटी अख्खा रेक जोडून ब्रेकची हवा तपासायची, एवढेच त्याचे काम.

ह्या उभ्या वेळात ते बंद नसते. ह्या सायडिंगवर अनेक वर्षे काम केलेल्या शंटरला मी विचारले, "मामा, दोन-दोन तास काम नसतं, मग बंद का करत नाही?"

"बंद केलं की हवा जातीया, ब्रेक बसत्यात," ते म्हणाले. "परत सगळी हवा भरायची म्हणजे अर्धा तास मोडतोय. आणि स्टार्टिंगची बॅटरी बसली तर? हमाल बसून राहिले की साहेब लोक मलाच बोलणार की."

त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि ह्या प्रकरणाचा गाभाही तेच आहे. आपल्याकडच्या जुन्या धाटणीचे डिझेल इंजिन नुसते गुरगुरत उभे राहिले तरी तासाला 20 ते 25 लिटर डिझेल पिते. दहा तासांत किमान दोनशे लिटर, आणि त्या बदल्यात एक डबाही हललेला नसतो.

आता हलवण्याचा खर्च. भरलेला डबा साधारण 81 टनांचा, म्हणजे पूर्ण रेक 3,400 टन आणि अर्धा तुकडा 1,700 टन. तो अर्धा तुकडा शून्यापासून ताशी पंधरा किलोमीटरपर्यंत आणायला लागणारी ऊर्जा चार युनिटांपेक्षा थोडी जास्त भरते. हे उत्तर पाहून कारखान्याच्या तरुण इंजिनिअरने गणित दोनदा तपासले. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी अडते आणि वेगही थोडाच असतो. ह्यात किलोमीटरभर ओढण्याचा रोध मिळवला, टनामागे चार किलोची ओढ धरून, तर आणखी अठरा-एकोणीस युनिटे. म्हणजे भरलेल्या अर्ध्या रेकची एक मोठी हालचाल पंचवीस युनिटांत बसते. रिकाम्या डब्यांना त्याचा तिसरा हिस्सा पुरतो. यार्डातला रूळही जवळपास सपाट असतो, कारण यार्डात चारशेला एक (चारशे मीटरला एक मीटर) ह्यापेक्षा जास्त चढ रेल्वे चालू देत नाही. सगळ्या हालचाली मिळून एका रेकला दोनशे युनिटे सढळ हाताने धरली. हवेचा कॉम्प्रेसर, पंखे, दिवे आणि बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणा ह्यांना दहा तासांत आणखी शंभर.

तीनशे युनिटे. नऊ-दहा तासांत.

दोन मेगावॉटचा चार्जर तीनशे युनिटे नऊ मिनिटांत देऊ शकतो. पण ज्या इंजिनाला नऊ तास उभे राहायचे आहे त्याला नऊ मिनिटांची घाई का? चाळीस किलोवॉटची जोडणी त्याच्याजवळ दिवसभर राहिली तरी भागते. हे मी बैठकीत सांगितले तेव्हा पहिल्यांदा कोणाला पटले नाही, कारण 'जलद' म्हणजे चांगले असे आपण मोबाइलपासून शिकलो आहोत.

दोन मेगावॉट आले कुठून? माझ्या अंदाजाने परदेशातल्या मुख्य मार्गावरच्या प्रयोगांतून. 2021च्या सुरुवातीला अमेरिकेत कॅलिफोर्नियात बारस्टो ते स्टॉकटन ह्या मार्गावर 2.4 मेगावॉट-तासांची, म्हणजे 2,400 युनिटांची, बॅटरी असलेले 'एफएलएक्सड्राइव्ह' इंजिन दोन डिझेल इंजिनांच्या मध्ये जोडून मालगाड्या चालवल्या गेल्या आणि सरासरी अकरा टक्के इंधन वाचले. पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका लोहखनिज मार्गासाठी सात मेगावॉट-तासांचे इंजिन बांधले गेले. तिथे खनिजाने भरलेली गाडी समुद्राकडे उतरते आणि रिकामी वर चढते, त्यामुळे उतारावर ब्रेक लावतानाच बॅटरीचा मोठा हिस्सा भरतो. ती सगळी शेकडो किलोमीटर धावणारी इंजिने आहेत. आपल्या शंटिंगच्या जवळचे उदाहरण जपानमध्ये आहे. तिथल्या मालवाहतूक कंपनीने 2010 मध्ये 'एचडी300' हे यार्डातले हायब्रिड इंजिन आणले, छोटा जनरेटर आणि लिथियम-आयन बॅटरी असलेले. आपल्याकडे रेल्वेच्या जबलपूर विभागाने 2020 मध्ये तारेवर आणि बॅटरीवरही चालणारे 'नवदूत' हे शंटिंग इंजिन तयार केले. उगार-रायबागच्या माणसाने बारस्टोकडे पाहण्याऐवजी ह्या दोघांकडे पाहावे.

आपल्याच भागात जलद चार्जिंगची खरी निकड कुठे भासेल, हेही मी मुद्दाम मोजून पाहिले. खानापूर तालुक्यातल्या लोंढ्याहून रूळ गोव्याकडे वळतो आणि कॅसलरॉक ते कुळे सुमारे 26 किलोमीटरचा घाट लागतो, जास्तीत जास्त चढ सदतिसाला एक असा. उंचीचा फरक साधारण साडेपाचशे मीटर. एक हजार टन वजन तेवढे वर न्यायला फक्त गुरुत्वाकर्षणापायी दीड हजार युनिटे लागतात. मुरगावहून येणारा कोळशाचा भरलेला रेक सुमारे 4,700 टनांचा, म्हणजे सात हजार युनिटे, आणि त्यावर इंजिनांचे स्वतःचे वजन, वळणांचा रोध. पुढे ओढणारी आणि मागून ढकलणारी बँकर मिळून पाच इंजिने धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला अठराशेच्या आसपास. असे बँकर बॅटरीवर चालवायचे आणि अर्ध्या तासात पुन्हा चढाईला तयार ठेवायचे म्हटले तर एका इंजिनामागे साडेतीन मेगावॉटची जोडणी लागेल. त्यातही भरलेला रेक चढतो आणि रिकामा उतरतो, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या उलटे. उतरणाऱ्या रिकाम्या रेककडून चढाईचा लहानसा हिस्साच परत मिळतो. अशा ठिकाणी तार हेच उत्तर आहे. उतरणाऱ्या इंजिनाची वीज तारेतून दुसऱ्या गाडीला जाते, बॅटरीच्या वजनाचा आणि आयुष्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणजे घाटात ऊर्जा प्रचंड आणि वेळ थोडा. सायडिंगवर ऊर्जा थोडी आणि वेळ भरपूर. चार्जर किती मोठा हवा हे इंजिन किती ताकदीचे आहे ह्यावर ठरत नाही, ते कुठे आणि किती वेळ उभे राहते ह्यावर ठरते. माझा अहवाल ह्या एका मुद्द्यावर उभा होता.

आता विजेकडे येऊ.

हंगामात कारखान्याकडे वीज मुबलक असते. उसाच्या वजनाचा जवळपास तीस टक्के भाग बगॅस म्हणून निघतो, तो बॉयलरमध्ये जातो, टर्बाइन फिरते, कारखाना चालून उरलेली वीज ग्रिडला विकली जाते. नोव्हेंबर ते मार्च ह्या काळात कारखान्याच्या त्या विजेतून काही शे किलोवॉट काढून रुळाकडे वळवले तर कोणाला कळणारही नाही. प्रस्ताव करणाऱ्यांनी नेमका हाच काळ डोळ्यांसमोर ठेवला होता.

पण साखर हंगामातच विकली जात नाही. 2018 पासून केंद्र सरकार प्रत्येक कारखान्याला दर महिन्याचा विक्री कोटा ठरवून देते, त्यामुळे रेक बाराही महिने लागतात. जुलैमध्ये टर्बाइन थंड असते आणि कारखाना हेस्कॉम ह्या वीज वितरण कंपनीच्या पुरवठ्यावर चालतो, तोही दुरुस्तीच्या कामापुरता. त्या महिन्यात दोन मेगावॉटचा चार्जर एकदा जरी पूर्ण ताकदीने चालला, तरी मीटरवरची त्या महिन्याची कमाल मागणी तिथे जाऊन बसते आणि डिमांड चार्ज, म्हणजे कमाल मागणीचा आकार, त्याच आकड्यावर लागतो. वीज वापरायची तीनशे युनिटे आणि डिमांड चार्ज भरायचा दोन मेगावॉटचा. शिवाय इथल्या ग्रामीण फीडरवर शेतीपंपांच्या थ्री-फेजच्या तासांत व्होल्टेज कसे खाली जाते हे ह्या भागातला प्रत्येक मोटर रिवाइंडिंगवाला सांगेल. त्यावर अचानक दोन मेगावॉट टाकणे म्हणजे शेजारच्या शेतकऱ्यांच्या मोटारी जाळणे. ते मला कुठल्याही हिशेबात मान्य नव्हते.

डिझेल जनरेटर इंजिनातच आहे, मग त्यावरच बॅटरी का भरू नये, असेही एकाने विचारले. एक लिटर डिझेलमधून साडेतीन युनिटांच्या आसपास वीज निघते. नव्वदीच्या घरातल्या डिझेलचे युनिट त्यामुळे पंचवीस रुपयांच्या पुढे जाते. ग्रिडचे युनिट सगळे आकार धरूनही त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात पडते. जनरेटर हवाच, पण अडीअडचणीसाठी. वीज गेली, रेक दोन लागोपाठ आले, तर काम थांबू नये म्हणून.

शेवटी मी सुचवले ते असे. इंजिनावर सहाशे युनिटांची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, म्हणजे एका रेकच्या गरजेच्या दुप्पट. वजनाची चिंता करण्याचे कारण नाही, कारण शंटिंग इंजिनाला चाक घसरू नये म्हणून वजन लागतेच, आणि जड व्हावे म्हणून काही इंजिनांत मुद्दाम लोखंड भरतात. रुळाकाठी तीनशे किलोवॉटचे दोन प्लग, पण दोन्ही एकाच जोडणीवर आणि एका वेळी एकच चालेल असे. पहिला गोदामाच्या धक्क्याच्या टोकाला, जिथे भरणी चालू असताना इंजिन उभे असते. दुसरा फाटकाजवळ, जिथे भरलेला रेक पॉवरची, म्हणजे मुख्य मार्गावर ओढून नेणाऱ्या इंजिनाची, आणि मार्गाची वाट पाहत तासन्‌तास थांबतो. मुख्य मार्गावर प्रवासी गाड्यांची गर्दी असते आणि "पॉवर आली नाही" हे वाक्य तिथे रोज ऐकू येते. तो थांबलेला वेळ आजवर फुकट जात होता, आता तो चार्जिंगचा होईल. रोजच्या कामाला चार्जर साठ-सत्तर किलोवॉटवरच चालेल. दुसरा रेक लगेच आत यायचा असेल तेव्हा शंटर बटण दाबून तीनशेवर नेईल, आणि तासाभरात एका रेकचे काम भागेल.

तीनशे किलोवॉटचा आणखी एक फायदा प्रस्तावात कोणी मोजलाच नव्हता. दोन मेगावॉट द्यायचे तर खांबावरून खाली येणारा पँटोग्राफ, म्हणजे इंजिनाला वरून टेकणारा विजेचा हात, लागतो, त्याचा सांगाडा, रुळाच्या मध्यापासून ठरलेले सुरक्षित अंतर, रेल्वेची मंजुरी, आणि पुन्हा तीच ट्रॉलीच्या उंचीची भानगड. तीनशे किलोवॉटला इलेक्ट्रिक बसला वापरतात तसली जाड केबल पुरते, ती शंटर हाताने लावतो. प्लग आत असेपर्यंत इंजिन हलणारच नाही असे लॉक मात्र हवे. त्यावर तडजोड नाही.

सिग्नल विभागाची शंका रास्त होती. रुळातून परतीचा प्रवाह गेला तर रुळावर गाडी आहे की नाही हे ओळखणारी ट्रॅक सर्किट आणि ॲक्सल काउंटर ही यंत्रणा गोंधळते आणि रूळ मोकळा नसताना मोकळा दिसू शकतो. म्हणून चार्जरचे डीसी दोन्ही ध्रुवांनी केबलमधूनच जाईल आणि येईल, रुळाशी त्याचा काही संबंध राहणार नाही, इन्सुलेशन बिघडले तर पुरवठा आपोआप तुटेल, असे आराखड्यात लिहून दिले.

पाण्याचा विषय मात्र आम्ही फार वेळ बोललो, आणि बोलायलाच हवे होते. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आणि घटप्रभा दोन्ही नद्यांनी ह्या जिल्ह्याची जी दैना केली ती इथे कोणी विसरलेले नाही. जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी आले. चार्जरच्या आराखड्यात जोत्याची उंची जमिनीपासून मोजली होती. मी ती 2019च्या पूररेषेपासून मोजायला लावली. ती रेषा कुठे होती हे कागदावर शोधायची गरज पडली नाही. गोदामाच्या वॉचमन काकांनी भिंतीवरचा डाग दाखवला आणि सर्व्हेअरने त्यावर पातळी घेतली. केबलचे ट्रेंच पूर्ण बंद, कारण साखरेच्या गोदामाभोवती उंदीर असणारच आणि ते केबल कुरतडणारच. बगॅसचा भुसा हवेत उडतो, तो बॅटरीच्या थंडाईच्या जाळ्यांवर बसला तर मे महिन्यातल्या चाळीस अंशांत बॅटरी तापते. म्हणून जाळी साफ करण्याचे काम देखभाल तक्त्यात आठवड्याला एकदा घातले, हंगामात दररोज. आणि बॅटरीचे इंजिन भुश्याच्या ढिगापासून दूर उभे करायचे, हा नियम प्लगची जागा ठरवतानाच पाळला.

राहिला पैसा. एका रेकमागे साधारण पावणेतीनशे लिटर डिझेल जळते असे धरले, दोनशे-सव्वादोनशे उभ्याने आणि साठ हलवण्यात, तर ते पंचवीस हजार रुपयांचे. तेच काम विजेवर तीन-साडेतीन हजारांत. महिन्याला दहा रेक लागले तर दोन लाखांच्या वर वाचतात. पण नवीन हायब्रिड इंजिनाची किंमत कोटींत आहे, आणि एकट्या कारखान्याच्या रेकवर ती फिटायला फार वर्षे लागतील. हे मी अहवालात पहिल्या पानावर लिहिले, मागे दडवले नाही.

त्यातून वाट निघते ती वाटून घेण्याची. कुडची ते घटप्रभा ह्या पट्ट्यातल्या दोन-तीन सायडिंगांनी मिळून एक इंजिन घ्यावे. त्यासाठीही लहान चार्जरच सोयीचा: एका ठिकाणी दोन मेगावॉट उभे करण्यापेक्षा प्रत्येक धक्क्यावर तीनशेचा एक प्लग, म्हणजे इंजिन जिथे कामाला जाईल तिथेच भरेल. ह्या कारखान्याच्या संचालकांनी तीनशेच्या जोडणीला संमती दिली आणि हेस्कॉमकडे अर्ज गेला. शेजारच्या कारखान्यांशी बोलणी व्हायची आहेत, आणि खासगी इंजिन एका सायडिंगवरून दुसऱ्या सायडिंगवर मुख्य मार्गाने नेण्याची परवानगी रेल्वेच्या विभागाकडून मिळवायची आहे. इंजिनाची ऑर्डर त्या परवानगीआधी देऊ नका, एवढे मी पत्राच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिले आहे.